आतल्या दालनातले रडणे

हिब्रू बायबलची छापील प्रत घ्या आणि यशयाच्या ग्रंथातला 63वा अध्याय काढा. नवव्या वचनात एका दोन अक्षरी शब्दावर खूण असते. उच्चार 'लो'. ओळीत तो लामेद आणि आलेफ या अक्षरांनी लिहिलेला आहे, आणि तसा लिहिला की त्याचा अर्थ 'नाही'. समासात मात्र टीप आहे: वाचताना इथे लामेद आणि वाव आहेत असे समजावे. मग त्याच उच्चाराचा अर्थ होतो 'त्याला'. वचन इस्राएलच्या लोकांनी सोसलेल्या हालांविषयी आहे. समासाचे ऐकले तर त्यांच्या प्रत्येक दुःखात देवालाही दुःख झाले. ओळीचे ऐकले तर, निदान एका सरळ अर्थाने, झाले नाही.

सातव्या ते दहाव्या शतकांत गालील सरोवराकाठच्या तिबेरियास गावी ज्या पंडितांनी बायबलच्या पाठाचे अक्षरन् अक्षर मोजून ठेवले, त्यांना यातला एक शब्द खोडणे अवघड नव्हते. त्यांनी खोडला नाही. हाती आले ते ओळीत ठेवायचे आणि कानावर आले ते समासात नोंदवायचे, हा त्यांचा शिरस्ता. त्यामुळे देवाला दुःख होते का, या प्रश्नाची दोन्ही उत्तरे एकाच उच्चारात शेजारी शेजारी नांदत आली आहेत. पुढल्या पानांत मराठीत आणलेले उतारे म्हणजे या एका शब्दावरचे भाष्यच आहे, असे म्हटले तरी चालेल.

मराठी वाचकाला हा प्रश्नच पडणार नाही, अशी मला धास्ती आहे. जनाबाईबरोबर दळायला बसणारा आणि नामदेवाच्या हातचा नैवेद्य खाणारा विठ्ठल ज्याच्या कानावर लहानपणापासून आहे, त्याला 'देव रडतो' म्हटले तर नवल ते काय वाटणार? अद्वैताच्या वाटेने गेलेला म्हणेल, निर्गुणाला कसले दुःख आणि कसले सुख. दोघेही पुस्तक मिटून ठेवतील. दोघांनाही विनंती, की आपापली उत्तरे थोडा वेळ खुंटीला टांगावीत. इथला देव मूर्तीत येत नाही. त्याची मूर्ती घडवणे हेच मोठे पाप. तो अवतार घेत नाही. त्याला आई नाही, बायको नाही, घर म्हणावे तर यरुशलेमचे एक मंदिर होते, तेही दोनदा पाडले गेले. आणि तरीही त्याने एका समाजाशी करार केला आहे. करार मोडला गेला की करार करणाऱ्याला त्याचे काही वाटते की नाही, इथून हा सगळा वाद सुरू होतो. सगुण-निर्गुणाच्या खणांत तो बसवायला गेलात तर पहिल्याच प्रकरणात अडचण येईल, कारण एकाच देवाविषयी, एकाच ग्रंथात आणि कधी कधी एकाच पानावर दोन्ही बोलले गेले आहे.

सुरुवात उत्पत्तीच्या सहाव्या अध्यायापासून. जलप्रलय यायचा आहे. माणसाची दुष्टाई पाहून देवाला त्याला घडवल्याचा पस्तावा होतो आणि देव मनातून व्यथित होतो. या व्यथेसाठी जे क्रियापद आहे त्याचा धातू अ-त्स-ब. वाचकाला तो तीनच अध्यायांपूर्वी भेटलेला असतो. एदेन बागेतून बाहेर पडताना हव्वेच्या वाट्याला बाळंतपणातले जे भोग येतात ते याच धातूचे, आणि आदामाला जमिनीशी जी झटापट करावी लागते तीही याच धातूची. बाळंतीण, शेतकरी आणि देव या तिघांना लेखकाने एकच शब्द दिला. भाषांतरात हे हमखास हरवते. मीही आधी वेदना, श्रम आणि व्यथा असे तीन शब्द वापरून पाहिले. वाक्ये छान झाली आणि मूळ मेले. शेवटी तिन्ही ठिकाणी 'कष्ट' ठेवला. बाळंतपणाचे कष्ट, शेतातले कष्ट आणि मनाला झालेले कष्ट, असे तिन्ही मराठीत चालतात. दुःखी माणसाला आपण 'कष्टी' म्हणतो, हे तर मला त्या दिवशी नव्यानेच कळले.

पस्ताव्याचा धातूही विलक्षण आहे: न-ह-म. याच धातूपासून सांत्वनाचा शब्द होतो. पस्तावणे आणि सांत्वन करणे या दोन क्रिया हिब्रूत एका घरात राहतात, आणि बायबलचे लेखक या घराच्या दोन्ही दारांनी ये-जा करत असतात. शमुवेलाच्या पहिल्या ग्रंथातला 15वा अध्याय त्याचा कळस आहे. शौल राजाने आज्ञा मोडली म्हणून देव सांगतो, याला राजा केल्याचा मला पस्तावा होतो आहे. अठरा वचनांनंतर संदेष्टा शमुवेल त्याच शौलाला ठणकावतो, देव पस्तावत नसतो, पस्तावायला तो काही माणूस नाही. आणि अध्याय संपताना निवेदक शांतपणे लिहितो, की शौलाला राजा केल्याचा देवाला पस्तावा झाला. तिन्ही ठिकाणी धातू तोच. ही विसंगती संपादकाच्या नजरेतून निसटली, असे म्हणणारे अभ्यासक आहेत. मला तसे वाटत नाही. पस्तीस वचनांच्या अध्यायात तीन ठिकाणी तोच शब्द वापरणाऱ्याला आपण काय लिहितो आहोत हे ठाऊक असावे.

इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांतल्या रब्बींना, म्हणजे यहुदी धर्मपंडितांना, या वचनांवरून परके लोक छेडत असत. त्यातली एक हकिकत उत्पत्तीवरच्या मिद्राशात, म्हणजे रब्बींच्या भाष्यसंग्रहात, आहे. एक बिगरयहुदी माणूस रब्बी येहोशुआ बेन कोर्हा यांना विचारतो, तुमच्या देवाला पुढचे सगळे दिसते ना? मग माणूस बिघडल्यावर त्याला दुःख कसे झाले? त्याला आधीच माहीत नव्हते? रब्बी उलट विचारतात, तुला कधी मुलगा झाला? झाला. तेव्हा काय केलेस? आनंद केला, सगळ्यांनाही करायला लावला. तो एक दिवस मरणार हे तुला ठाऊक नव्हते? त्यावर तो माणूस म्हणतो, आनंदाच्या वेळी आनंद, शोकाच्या वेळी शोक. देवाचेही तेच, असे रब्बी म्हणतात. इथे चतुराई उत्तरात नाही, मुलाचा दाखला निवडण्यात आहे. विचारणाऱ्याने कोडे घातले होते, सर्वज्ञता आणि दुःख यांचे. रब्बींनी त्याला बाप करून टाकले. ज्ञानाने दुःख टळत नाही, हे बापाला वेगळे शिकवावे लागत नाही. याच मिद्राशात आणखी एक मत नोंदलेले आहे: प्रलयाचे पाणी सोडण्याआधी देवाने आपल्या जगाचे सात दिवस सुतक पाळले. यहुदी घरात आजही मृताच्या जवळच्या नातलगांनी सात दिवस खाली बसायचे असते. फरक एवढाच, की माणूस सुतक मृत्यूनंतर पाळतो. देवाने आधी पाळले, कारण त्याला पुढचे दिसत होते.

तालमूदातले, म्हणजे रब्बींच्या कायद्याच्या आणि गोष्टींच्या महाग्रंथातले, उतारे या पुस्तकात सर्वांत जास्त आहेत, आणि ते तसे असणारच. तिथे देवाचे दुःख हा सिद्धान्त नाही. ती सहज जाता जाता सांगितलेली गोष्ट असते, बहुतेकदा कायद्याच्या चर्चेच्या मध्ये. फाशीची शिक्षा झालेल्याचे प्रेत रात्रभर टांगते ठेवू नये, त्याच दिवशी पुरावे, या नियमाच्या ओघात रब्बी मेइर सांगतात, की माणूस यातना भोगतो तेव्हा शेखिना, म्हणजे देवाचे जगातले सान्निध्य, काय म्हणते? डोके जड झाले, हात जड झाला. लक्षात घ्या, हा माणूस निर्दोष नाही. कायद्याने गुन्हेगार ठरलेला आहे. दुसरीकडे, लाल समुद्रात मिसरी सैन्य बुडत असताना देवदूत गाऊ लागतात आणि देव त्यांना गप्प करतो: माझ्या हातांनी घडवलेले बुडत आहेत आणि तुम्ही गाता? म्हणजे दुःख फक्त आपल्यांसाठी नाही. (ही गोष्ट हल्ली भाषणांत इतकी सांगितली जाते, की ती शत्रूविषयी आहे याचाच विसर पडतो.) रब्बी योसे यरुशलेमच्या पडक्या वास्तूत प्रार्थनेला शिरतात आणि त्यांना पारव्यासारखा घुमणारा आवाज ऐकू येतो, आपले घर आपणच पाडले आणि लेकरांना देशोधडीला लावले, असा तो विलाप. भूकंप का होतो, याचे एक उत्तर असे, की लेकरांचे हाल आठवून देवाचे दोन अश्रू महासागरात पडतात आणि त्यांचा आवाज जगाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जातो.

पण या सगळ्यांपेक्षा मला ज्या पानाने धरून ठेवले ते हगीगा या प्रकरणातले आहे, आणि या पुस्तकाचे नावही तिथूनच घेतले आहे. यिर्मया संदेष्ट्याच्या एका वचनात 'गुप्त ठिकाणी रडण्या'चा उल्लेख आहे. त्यावर तिथे सांगितले आहे, की देवाची एक जागा आहे, तिचे नाव मिस्तारीम, लपण्याच्या जागा. तो तिथे जाऊन रडतो. लगेच हरकत येते. देवासमोर रडणे असते का? रव पापा यांनीच तर म्हटले आहे, की त्याच्यासमोर उदासी नसते. त्याच्या स्थानी सामर्थ्य आणि आनंद आहे, असा इतिहासाच्या पहिल्या ग्रंथाचा आधारही आहे. तालमूद उत्तर देते, यात अडचण नाही: एक आतल्या दालनातले, एक बाहेरच्या. बस्स, एवढेच. रडणे कोणत्या दालनात आणि आनंद कोणत्या, हे मूळ वाक्यात सांगितलेलेच नाही. फ्रान्समधल्या त्र्वा गावचे राशी (1040–1105), ज्यांच्या भाष्यावाचून तालमूदाचे पान छापले जात नाही, त्यांनी रडणे आत ठेवले. दुसऱ्या भाष्यपरंपरेने उलट लावले: आत शांती, बाहेर शोक. माझा कौल राशींकडे आहे, आणि तो या पुस्तकाच्या मांडणीवर पडला आहे हे कबूल करून टाकतो. चारचौघांत रडणाऱ्या देवाची कल्पना करणे सोपे आहे. बाहेर जगाचा गाडा हाकत असतो आणि दार लावून आत रडतो, ही कल्पना ज्याला सुचली त्याने घरातली कर्ती माणसे नीट पाहिली असावीत.

त्याच पानावर पुढे देव रोज कोणासाठी रडतो याची यादी आहे. ज्याला तोराचा, म्हणजे धर्मशास्त्राचा, अभ्यास करणे शक्य आहे पण तो करत नाही, त्याच्यासाठी. ज्याला शक्य नाही तरी जो करतो, त्याच्यासाठी. आणि समाजावर मिजास दाखवणाऱ्या पुढाऱ्यासाठी. तिसऱ्यावर टिप्पणी करायचा मोह मी आवरला आहे.

विलापगीतांवरच्या मिद्राशात हीच खोली पुन्हा येते, आणि आता तिच्या दाराशी भांडण आहे. मंदिर जळाल्यावर देव रडू लागतो. मेटाट्रोन हा थोर देवदूत पुढे होऊन म्हणतो, मी रडतो, आपण रडू नये. देव म्हणतो, मला इथे रडू दिले नाहीस तर जिथे तुला पाऊल टाकायची परवानगी नाही तिथे जाऊन रडेन. देवदूताची तगमग दरबाऱ्याची आहे. मालकाची शोभा जाऊ नये, एवढीच. पुढे जे तत्त्वज्ञ देवाचे अश्रू पुसायला निघाले, त्यांची तगमग याहून फार वेगळी होती असे मला वाटत नाही, फक्त त्यांच्याकडे ॲरिस्टॉटल होता.

त्या तत्त्वज्ञांवर अन्याय मात्र होऊ देऊ नये. देवाला भावना नाहीत म्हणणाऱ्यांना कोरडे आणि ग्रीकांच्या आहारी गेलेले ठरवण्याची आजकाल पद्धत आहे. आधी हे पाहावे, की ते कोणाच्या शेजारी राहत होते. एका बाजूला कराई पंथाचे यहुदी, तालमूद न मानणारे, रडणाऱ्या देवावरून रब्बींची टर उडवत. दुसऱ्या बाजूला ख्रिस्ती पंडित. बाराव्या शतकात क्लूनीच्या मठाचे प्रमुख पीटर यांनी महासागरात पडणाऱ्या त्या अश्रूंची यथेच्छ चेष्टा केली. 1240 मध्ये पॅरिसमध्ये तालमूदावर खटलाच चालला. निकोलस दोनें हा धर्मांतर केलेला यहुदी फिर्यादी होता, आणि देवाविषयी असल्या गोष्टी सांगणे हा आरोपांतला एक मुद्दा. 1242 मध्ये गाडे भरभरून हस्तलिखिते पॅरिसमध्ये जाळली. ज्या गोष्टीवरून ग्रंथ जळतात, ती गोष्ट रूपक आहे असे म्हणणे हा भित्रेपणा म्हणता येत नाही. त्याही आधी, आरामी भाषांतरकार ओंकेलोसने उत्पत्तीतल्या त्या वचनातून देवाचे दुःख हळूच बाहेर काढले होते आणि अलेक्झांड्रियाच्या फिलोने देवाच्या अचलतेवर याच वचनाच्या निमित्ताने अख्खा प्रबंध लिहिला होता. बगदादमध्ये दहाव्या शतकात सादिया गाओन यांनी तीच वाट पक्की केली.

या वाटेचा शेवटचा मुक्काम मोशे बेन मायमोन, म्हणजे मायमोनिडीस. जन्म 1138, कोर्दोबा. मृत्यू 1204, कैरोजवळचे फुस्तात. पेशाने वैद्य. 1190च्या सुमारास अरबी भाषेत पण हिब्रू लिपीत लिहिलेल्या 'गोंधळलेल्यांचा वाटाड्या' या ग्रंथात त्यांचा युक्तिवाद असा: भावना म्हणजे बदल, बदल म्हणजे बाहेरच्या कशाचा तरी परिणाम, देवावर परिणाम करील असे बाहेर काही नाही. मग त्याला दयाळू का म्हणतात? गर्भातल्या जिवाची जी निगा निसर्गात राखली जाते, तशी एखाद्या माणसाने राखली असती तर आपण म्हणालो असतो, किती माया! म्हणून त्या कृतीवरून देवाला दयाळू म्हणायचे. माया नावाची हालचाल त्याच्यात आहे असे समजायचे नाही. उत्पत्तीतल्या अ-त्स-ब धातूला तर त्यांनी एक छोटे प्रकरणच दिले आहे. या धातूचे अनेक अर्थ दाखवून ते म्हणतात, इथे अर्थ रागाचा आहे, आणि 'मनात' म्हणजे ही गोष्ट त्या वेळी कोणा संदेष्ट्याला सांगितली नाही, इतकेच. कायद्याच्या ग्रंथात ते आणखी स्पष्ट आहेत: देवाला राग नाही, हसू नाही, आनंद नाही, दुःख नाही, तोरा माणसांच्या बोलीत बोलते.

हे लिहिणाऱ्याला दुःख ठाऊक नव्हते असे कोणी समजू नये. धाकटा भाऊ दाविद हा रत्नांचा व्यापारी. त्याच्या कमाईवर थोरला भाऊ पुस्तकांत बुडून राहू शकला. 1170च्या आसपास लाल समुद्राच्या काठावरच्या आयधाब बंदरातून दाविदने त्याला पत्र लिहिले: वाळवंट कसेबसे पार केले, इथे घेण्याजोगा माल नाही, तेव्हा जहाजाने भारताकडे जातो, काळजी करू नकोस, बायकोला धीर दे. ते पत्र कैरोच्या सिनेगॉगमधल्या जुन्या कागदांच्या कोठडीत सात शतके पडून होते. आज ते केंब्रिजमध्ये आहे. दाविद भारताला पोचला नाही. हिंदी महासागरात त्याचे जहाज बुडाले. पुढे आक्को इथल्या एका स्नेह्याला मायमोनिडीसने लिहिले, की ती बातमी आली आणि मी जवळजवळ वर्षभर अंथरुणाला खिळलो. आठ वर्षे झाली तरी सावरलो नाही. तो माझ्या मांडीवर वाढला. त्याचे अक्षर कुठे दिसले तरी काळीज हलते.

भाऊ बुडाला म्हणून त्याने देवाला दुःखातून सोडवले, असा सोपा धागा मी विणणार नाही. मते त्याच्या आधीपासूनचीच होती. पण ज्याला हस्ताक्षर पाहून कोसळायला होते, त्याने 'भावना म्हणजे बाहेरच्या वस्तूने आपल्याला हलवणे' अशी व्याख्या केली, तेव्हा ती पुस्तकातून उतरवलेली नव्हती. जगात एक तरी असा असावा ज्याला हे होऊ शकत नाही, असे वाटणे मला समजते. मायमोनिडीसवरचे प्रकरण म्हणूनच मी तालमूदाच्या प्रकरणाइतके लांब ठेवले आहे.

कब्बालाच्या, म्हणजे यहुदी गूढवादाच्या, पंथाने दोघांनाही जागा करून दिली. तेराव्या शतकाच्या अखेरीस स्पेनमध्ये प्रकट झालेल्या झोहार ग्रंथाच्या परंपरेत देवाचे मूळ रूप एन सोफ, अनंत, ज्याविषयी काहीच म्हणता येत नाही. मायमोनिडीसला आणखी काय हवे होते? पण त्याच्यापासून स्रवलेल्या दहा पातळ्यांपैकी शेवटची, शेखिना, इस्राएलबरोबर वनवासात आहे आणि लेकरांसाठी रडणाऱ्या राहेलीच्या रूपात शोक करते. सोळाव्या शतकात सफेद गावी इत्झाक लुरिया यांच्या वर्तुळातून तिच्या शोकात सहभागी होण्याचा मध्यरात्रीचा विधी पसरला: उठायचे, दाराच्या चौकटीपाशी जमिनीवर बसायचे, कपाळाला राख लावायची आणि रडायचे. इथे प्रश्नाची दिशा फिरलेली दिसेल. देवाला दुःख होते का, हे कोणी विचारत नाही. होते आहे, तर सोबतीला कोण बसणार, हे विचारले जाते.

त्या विधीचे सर्वांत भीषण उत्तरकांड वॉर्सातले आहे. पियासेत्स्नोचे रेब्बे, म्हणजे हसिदी पंथाचे गुरू, कालोनिमुस काल्मन शपिरा (1889–1943) यांचा एकुलता एक मुलगा सप्टेंबर 1939च्या बॉम्बफेकीत जखमी होऊन गेला. सूनही त्याच दिवसांत मारली गेली आणि पाठोपाठ आई वारली. घेट्टोत भिंतीआड कोंडलेल्या लोकांसमोर ते 1942च्या उन्हाळ्यापर्यंत शब्बाथाची प्रवचने देत राहिले आणि नंतर स्वतः लिहून ठेवत राहिले. सुरुवातीची प्रवचने दुःखाला कारण शोधतात, पापाचे वा परीक्षेचे. हळूहळू कारणे गळून पडतात आणि हगीगाचे ते पान वर येते. शपिरा विचारतात, देव दुःखी आहे तर हे जग अजून उभे कसे? आणि उत्तर देतात: तो अनंत, म्हणून त्याचे दुःखही अनंत, त्याचा एक कणही जगात उतरला तर जग भस्म होईल. म्हणून तो आत रडतो. आपल्याला ते ऐकू येत नाही ते त्याला काही वाटत नाही म्हणून नाही. ते ऐकून आपण उरणार नाही म्हणून. माणूस अभ्यासाने त्या दारापर्यंत जाऊ शकतो, आणि एकट्याने रडणारा मोडून पडतो पण तिथे, त्याच्याबरोबर रडणारा पुन्हा उठून पुस्तक उघडतो.

राशींनी एका शब्दाने रडणे 'आत' ठेवले होते. साडेआठशे वर्षांनी एका माणसाला त्या 'आत'चा अर्थ लावावा लागला. 22 जुलै 1942 रोजी, मंदिराच्या विध्वंसाच्या सुतकाच्या आदल्या दिवशी, घेट्टोतून ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीकडे गाड्या सुटू लागल्या. शपिरा 1943 मध्ये मारले गेले. त्यांचे कागद इतिहासकार इमान्युएल रिंगेलब्लुम यांच्या गुप्त दफ्तराबरोबर जमिनीत पुरले होते. 1950 मध्ये ढिगाऱ्याखालून दुधाच्या कॅनमध्ये सापडले आणि 1960 मध्ये इस्राएलमध्ये 'एश कोदेश', पवित्र अग्नी, या नावाने छापले गेले. या पुस्तकातला तो भाग एका बैठकीत वाचू नये, असे माझे मत आहे.

त्याच वॉर्सात 1907 मध्ये जन्मलेले अब्राहम जोशुआ हेशेल 1939च्या आक्रमणाच्या काही आठवडे आधी शहर सोडू शकले. आई आणि बहिणी राहिल्या त्या गेल्या. 'संदेष्टा म्हणजे देवाची व्यथा ज्याला जाणवते तो' ही त्यांची मांडणी मात्र बर्लिनमधल्या विद्यार्थिदशेतली, 1936 मध्ये छापलेली. 1962 मध्ये ती इंग्रजीत विस्ताराने आली आणि गाजली. देवाची व्यथा म्हणजे भावनेच्या लाटेत वाहून जाणे नव्हे, जाणूनबुजून वाहिलेली काळजी, असा त्यांचा भेद आहे. मायमोनिडीसच्या हरकतीला एवढे नेमके उत्तर दुसऱ्या कोणी दिलेले मला आढळले नाही. सगळ्यांना ते पटले नाही. 1964 मध्ये एलिएझेर बर्कोविट्स यांनी कडक टीका केली, की तालमूदाने रूपक म्हणून जे सांगितले ते हेशेल अक्षरशः घेतात आणि सोसणारा देव ही ख्रिस्ती कल्पना मागल्या दाराने आत आणतात. टीका वाचनीय आहे, आणि पॅरिसच्या खटल्याची सावली तीवर सात शतकांनीही दिसते. तत्त्वज्ञ हान्स योनास यांनी 1984 मध्ये, आई आउशवित्झमध्ये गमावलेल्या माणसाच्या अधिकाराने, देव दुःख भोगतो पण सर्वशक्तिमान नाही, असे टोक गाठले. तिथवर जायची माझी तयारी नाही. पण रडणारा देव गाड्या का थांबवत नाही, हा प्रश्न हेशेलना चुकवता येतो आणि योनासना येत नाही, हेही खरे.

एक गोष्ट आपल्या किनाऱ्यावरची. रायगडच्या गावांतून शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली, म्हणून 'शनवार तेली' म्हणवले गेलेले बेने इस्राएल मराठी बोलत हा देव सांभाळून होते. 1796 मध्ये त्यांचे मुंबईतले पहिले सिनेगॉग मांडवीत उभे राहिले. ते बांधणारे सॅम्युअल इझिकेल दिवेकर हे कंपनी सरकारच्या फौजेतले, टिपूच्या कैदेतून सुटून आलेले असे सांगतात. वास्तूचे नाव शाआर हारहमीम, दयेचे दार. रहमीम हा शब्द रेहेम, म्हणजे गर्भाशय, यावरून. 'रहम कर' म्हणताना आपल्याही तोंडी त्याचा अरबी भाऊबंद असतो. दयेला गर्भाशयाचे नाव देणाऱ्या भाषेत देवाला काहीच वाटत नाही असे म्हणणे मायमोनिडीसला किती जड गेले असेल! आणि मंदिराच्या विध्वंसाचे ते सुतक, आव महिन्याची नवमी, या मंडळींनी आपल्या पद्धतीने स्वयंपाकघरात आणले. त्या दिवसाच्या जेवणात वालाचे बिरडे, म्हणून त्याचे कोकणी घरांतले नाव 'बिरड्याचा सण'. जगभरच्या यहुद्यांच्या सर्वांत काळ्या दिवसाला इतके घरगुती नाव दुसऱ्या कोणी दिल्याचे माझ्या वाचनात नाही.

त्या नवमीनंतर सात शब्बाथ सिनेगॉगमध्ये यशयातले सांत्वनाचे वेचे वाचतात. सांत्वनाचा धातू तोच, न-ह-म. सातवा वेचा नववर्षाच्या आधीच्या शब्बाथाला येतो आणि 63व्या अध्यायातल्या त्या नवव्या वचनाशी संपतो. वाचणाऱ्याची नजर ओळीतल्या 'नाही'वरून जाते, समासातला 'त्याला' त्याच्या मनात असतो आणि तोंडातून बाहेर पडते ते 'लो'. समोर बसलेल्यांपैकी कोणी काय ऐकले, हे त्याला कळत नाही.